सूचक, अनुमोदक आणि कॅप्टन

आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागच्या बोळात, एक राखाडी पत्र्याचं कपाट होतं. दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर एका विद्यार्थी क्लबचं नाव आणि खाली 2019-20. कुलूप होतं, किल्ली कुणाकडेच नव्हती. 2022 च्या सप्टेंबरमध्ये प्रिंट घ्यायला गेले असताना मी तो कागद वाचत उभी होते. मागून आमच्या प्राध्यापक बाई आल्या आणि म्हणाल्या, "कोविडमध्ये बंद पडला तो. मुलं पास होऊन गेली, नवीन कुणी पुढे आलं नाही. तुला चालवायचाय?"

मी हो म्हणाले. पुढची पावणेदोन वर्षं त्या होकारात गेली. वर्गात शिकले त्यापेक्षा कमी मी त्या क्लबात शिकले नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

विद्यापीठ विस्कॉन्सिन राज्यातलं, सरकारी. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही येणार आहे. मी तासगाव तालुक्यातली. स्पेशल बीएड करून मिरजेजवळच्या एका विशेष शाळेत चार वर्षं शिकवलं आणि मग विशेष शिक्षणातच मास्टर्स करायला इथे आले. आमच्या कॉलेजच्या नावात 'एज्युकेशन' आणि 'ह्यूमन सर्व्हिसेस' हे दोन्ही शब्द. आपल्याकडे बीएड कॉलेज वेगळं, समाजकार्याचं वेगळं, समुपदेशनाचा डिप्लोमा तिसऱ्याच गावात. इथे शिक्षक होणारे, शाळेत समुपदेशक होणारे, वाचा-उपचार शिकणारे, निवारागृहं आणि वृद्धांच्या संस्था चालवायला शिकणारे, सगळे एकाच इमारतीत चढ-उतर करत असतात. माणसाला आयुष्यात कधी ना कधी ज्या मदतीची गरज पडते, ती देणारे लोक घडवणारं कॉलेज, असा मी त्या नावाचा अर्थ लावला.

सत्राच्या सुरुवातीला हिरवळीवर क्लबांची जत्रा भरते. शंभरावर टेबलं, प्रत्येकावर फळा, गोळ्या-चॉकलेटं आणि नाव लिहायला कागद. आमच्या कॉलेजचीच सात-आठ टेबलं होती. त्यात दोन जाती दिसल्या. एक मानाच्या संस्था. कापा डेल्टा पाय ही शिक्षणशास्त्राची, 1911 साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली. काय सिग्मा आयोटा ही समुपदेशनाची, 1985 सालची, ओहायो विद्यापीठातली. यांचं सभासदत्व गुण पाहून निमंत्रणाने मिळतं, समारंभ होतो, पदवीदानाला गळ्यात रंगीत गोफ येतो. दुसरी जात कामाच्या क्लबांची: बालवाडी शिक्षकांचा, वाचा-उपचारवाल्यांचा, भावी संगीतशिक्षकांचा. मानाच्या संस्थांबद्दल मला आदर आहे, पण माझा ओढा दुसऱ्या जातीकडे. बालवाडीवाल्यांच्या टेबलावर एका जुन्या लाकडी घराचा फोटो होता. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन याच राज्यात, वॉटरटाउन गावात, 1856 मध्ये मार्गारेथे शुर्त्स या जर्मन बाईंनी सुरू केलं, आणि तिथली भाषाही जर्मनच होती. त्या क्लबाबरोबर मी पुढे ते घर पाहूनही आले.

माझा क्लब म्हणजे त्या कपाटावरचा. विशेष शिक्षणाचा. पूर्वी तो 'कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन' या राष्ट्रीय संस्थेची विद्यार्थी शाखा होता. ती संस्था 1922 च्या ऑगस्टमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये स्थापन झाली. एलिझाबेथ फॅरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष. म्हणजे मूळ संस्थेची शंभरी भरली त्याच वर्षी आमची शाखा कुलूपबंद होती. हे कळल्यावर मला चुटपुट लागली. बाई म्हणाल्या, आधी विद्यापीठाचा साधा क्लब म्हणून नोंदणी कर, राष्ट्रीय शाखेचं पुढच्या वर्षी पाहू.

नोंदणीला लागतं काय? आमच्याकडे किमान चार पदाधिकारी, एक सल्लागार प्राध्यापक आणि एक लिखित घटना. सल्लागार बाई होत्याच. पदाधिकारी गोळा करायला तीन आठवडे गेले. उपाध्यक्ष मिळाली ती डेअरी फार्मवर वाढलेली मुलगी. पहाटेच्या धारा काढून शाळेत जायची, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. खजिनदार मिल्वॉकीचा, समुपदेशन शिकणारा, किराणा दुकानात गल्ला सांभाळलेला, हिशेबाला पक्का. सचिव वाचा-उपचारची. मी अध्यक्ष. एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. क्लबचं पद बिनपगारी असल्याने ते त्यात धरत नाहीत, हे मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन आधी विचारून घेतलं. परदेशातून आलेल्या कुणीही ही चौकशी स्वतः करावी.

घटना लिहिताना माझी खरी अडचण झाली. मी कॉलेजात वर्गप्रतिनिधी होते, वाङ्मय मंडळाचं काम केलं होतं, पण निवडणूक कधी पाहिली नव्हती. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या निवडणुका जाऊन गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. मी प्रतिनिधी झाले ती मार्कांवर. सरांनी नाव वाचलं, टाळ्या झाल्या, संपलं. इथे मात्र कागदावर प्रश्न होते. सभासद कोण? मत कुणाला? अध्यक्षाला काढायचं तर कसं? क्लब बंद पडला तर पैसे कुणाकडे जातील? घटना बदलायची तर किती मतं?

रात्री घरी फोन केला. माझे आण्णा गावच्या विकास सोसायटीचे बावीस वर्षं सचिव होते. मी प्रश्न वाचून दाखवले आणि ते एकेकाचं उत्तर देत गेले. "अगं, हे तर आपले पोटनियम. कोरम किती ठेवलाय? एकपंचमांश ठेव, जास्त ठेवलास तर सभाच होणार न्हाई. आणि इतिवृत्त त्याच आठवड्यात लिही, मागनं कुणाला काय आठवत न्हाई." लहानपणी सोसायटीच्या वार्षिक सभेत आण्णा मोठ्याने वाचायचे, "सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर," आणि मी सतरंजीच्या कडेला बसून बुंदीच्या पुड्याची वाट पाहायचे. इथे तेच निघालं: 'मोशन' म्हणजे सूचना, 'सेकंड' म्हणजे अनुमोदन.

अमेरिकेतले बहुतेक क्लब ज्या नियमांनी सभा चालवतात ते हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने लिहिलेले. 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला एका सभेचं अध्यक्षपद त्याच्यावर अचानक आलं आणि सभा हाताबाहेर गेली. पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून त्याने अभ्यास केला आणि 1876 मध्ये नियमांचं छोटं पुस्तक काढलं. तेव्हा तो मिल्वॉकीत नेमणुकीवर होता. हे आमच्या मिल्वॉकीच्या खजिनदाराला मी सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. एक माणूस बोलत असताना दुसऱ्याने थांबायचं, सूचनेला निदान एकाचा पाठिंबा हवा, कमी मतं पडलेल्यांचंही म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, एवढंच त्याच्या मुळाशी आहे. पुढे काय झालं ते पाहता, हे नियम होते म्हणून आमचा क्लब टिकला असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस नोंदणी झाली. इमारत सांभाळणाऱ्या काकांनी कुलूप कापून दिलं. आत दोन हातमोजे, बोर्डगेम्सचे सात खोके, पिवळ्या पडलेल्या हजेरीच्या याद्या आणि कापडी फलक. नवीन कुलूप मी स्वतः आणलं.

पहिल्या सभेला अकरा जण आले. त्यातला अकरावा कॅप्टन. ही त्याची स्वतःची पदवी. स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, त्यातल्या बोलिंग संघाचा तो कॅप्टन आहे आणि अनोळखी माणसाला ओळख करून देताना तो तेच सांगतो. वय तेव्हा 22, डाउन सिंड्रोम. आमच्या विद्यापीठात बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांसाठी एक अभ्यासक्रम आहे. 2008 च्या उच्च शिक्षण कायद्याने अशा अभ्यासक्रमांना मान्यता आणि त्यातल्या विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्तीची वाट मोकळी झाली. ही मुलं इतर विद्यार्थ्यांबरोबर काही वर्गांना बसतात, कॅम्पसवर नोकरी करतात, काही वसतिगृहात राहतात. त्यांना पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. पुढे सगळं अडलं ते याच एका वाक्यावर.

कॅप्टन पहिल्या रांगेत बसला. मी म्हणाले, आपण या वर्षी विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काय काय करू या? त्याने हात वर केला आणि विचारलं, "मीटिंग सात वाजता का आहे? माझी बस साडेसहाला संपते."

अमेरिकेत 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याने, जिथे ठरावीक मार्गाच्या बस आहेत तिथे त्या बस वापरता न येणाऱ्यांसाठी वेगळी गाडी ठेवावी लागते. पण ती बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या पट्ट्यात आणि बसच्याच वेळांत. छोट्या गावात बस संध्याकाळीच थांबली की ती गाडीही थांबते. त्या रात्री कॅप्टनला न्यायला त्याची बहीण चाळीस मैलांवरून आली होती. त्याच्या अभ्यासक्रमातले आणखी पाच जण यायला तयार होते, गाडी नाही म्हणून आलेच नाहीत. आणि आम्ही वर बसून 'त्यांच्यासाठी' कार्यक्रम आखत होतो.

मला त्या वेळी ताराबाई मोडक आठवल्या. बोर्डीला 1945 मध्ये त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने काम करताना त्यांनी पाहिलं की वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. बीएडला पाच मार्कांची टीप म्हणून मी हे पाठ केलं होतं. विस्कॉन्सिनच्या थंडीत, बाहेर साडेचारलाच अंधार पडलेला असताना, ते मला पहिल्यांदा नीट समजलं. पुढच्या सभेत वेळ बदलण्याची सूचना मी मांडली, उपाध्यक्षाने अनुमोदन दिलं, आणि सभा दुपारी साडेतीनला आली. सतरा जण आले. त्यात पाच कॅप्टनचे मित्र.

विषयपत्रिकाही बदलली. सचिवाने ती मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट, शेजारी चित्र, अशी करायला घेतली. त्याचा फायदा कॅप्टनला झालाच, पण ज्यांची इंग्रजी माझ्यासारखी पुस्तकी होती त्या चार-पाच परदेशी विद्यार्थ्यांनाही झाला.

आता पैशाचं. विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्काशिवाय एक वेगळी फी घेतात, तिला 'सेग्रिगेटेड फी' म्हणतात. विशेष शिक्षणवाल्यांना हा शब्द टोचतो, कारण मुलांना वेगळं काढून बसवण्यालाही हाच शब्द आहे. इथे त्याचा अर्थ एवढाच की ही रक्कम वेगळी ठेवलेली असते. त्यातला एक भाग क्लबांना वाटायचं काम विद्यार्थ्यांच्या समितीकडे असतं. मागणी करायची, सुनावणीला उभं राहायचं, एकोणीस-वीस वर्षांची मुलं प्रश्न विचारणार. सुनावणीआधी समितीने आम्हाला साउथवर्थ खटल्याची माहिती दिली. मॅडिसनच्या काही विद्यार्थ्यांनी, आम्हाला न पटणाऱ्या क्लबांना आमची फी का, म्हणून दावा लावला होता. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सक्तीची फी घेता येईल, पण वाटताना कुणाचं मत काय आहे हे पाहता येणार नाही. म्हणून समितीने आम्हाला 'तुमचं काम चांगलं आहे का' असं विचारलंच नाही. विचारलं ते, किती विद्यार्थ्यांना उपयोग, खर्चाचा अंदाज कुठून काढला, गेल्या वर्षीचा हिशेब कुठे. मी मोठं भावनिक भाषण तयार करून नेलं होतं, ते पिशवीतच राहिलं. खजिनदाराने तीन मिनिटांत आकडे सांगितले. मागितले 640 डॉलर, मिळाले 410. खाण्याची ओळ त्यांनी कापली, गाडीभाड्याची ठेवली. ठेवली हे बरं झालं. खाण्यासाठी आम्ही केक-बिस्किटं विकली, मी दोनदा शंकरपाळ्या तळून नेल्या.

मार्चच्या पहिल्या बुधवारी अमेरिकेतल्या पुष्कळ शाळा-कॉलेजांत एक मोहीम असते. बौद्धिक अक्षमतेसाठी जो जुना शब्द शिवीसारखा वापरला जातो तो बोलणार नाही, अशी लोक सही करतात. 2010 मध्ये 'रोझाज लॉ' या कायद्याने तो शब्द केंद्र सरकारच्या कायद्यांतूनही काढला. आम्ही टेबल लावलं. एका मुलीने मला सहज विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी क्षणभर गप्प झाले. मी चार वर्षं ज्या शाळेत शिकवलं तिच्या फाटकावर मोठ्या अक्षरात 'मतिमंद' लिहिलेलं होतं आणि त्या फाटकातून मुलं रोज आत यायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे, तिथे 'बौद्धिक अक्षमता' असं आहे. पाट्या मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्याच आहेत. त्या रात्री मी शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. पाटी बदलायला सात महिने लागले, पण बदलली.

मार्चमध्येच पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीची नोटीस लागली. कॅप्टन माझ्याकडे आला. "मला उपाध्यक्ष व्हायचंय." मी म्हटलं, हो, का नाही? आणि घटना उघडली. कलम तीन: मतदार सभासद आणि पदाधिकारी पदवीसाठी नोंदणी झालेले विद्यार्थीच असतील. ते कलम जुन्या घटनेतून मीच न वाचता उतरवलं होतं. पाच महिने तो प्रत्येक सभेला येत होता. हात वर करत होता. आम्ही त्याचे हात मोजतही होतो. कागदोपत्री त्याला मत नव्हतं.

मी संबंधित कार्यालयाला मेल केली. उत्तर आलं, हे विद्यार्थी 'पदवीबाह्य' वर्गात येतात, त्यांच्याबाबत पाहावं लागेल. मग तीन आठवडे काही नाही. पुन्हा मेल, पुन्हा 'पाहतो आहोत'. कुणी नाही म्हणत नव्हतं आणि कुणी हो म्हणत नव्हतं, आणि कॅप्टन दर सोमवारी येऊन विचारायचा, "आलं का?" त्याला 'अजून नाही' सांगणं मला फार जड गेलं.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कलम तुमचं आहे, ते तुम्ही बदला, कार्यालय मग त्यावर बोलेल. दुसरी, त्याच्यासाठी कलम लिहू नका. त्या अभ्यासक्रमातल्या प्रत्येकाला लागू होईल असं लिहा, नाहीतर उद्या तो गेला की दार पुन्हा बंद.

आण्णांना फोन. "पोटनियम दुरुस्ती? मग चौदा दिवसांची नोटीस काढ आधी. दुरुस्तीचा मसुदा नोटिशीतच दे. ऐनवेळच्या विषयात घेऊ नको, कुणीतरी हरकत घेतंय." आमच्या घटनेतही दोन आठवड्यांची नोटीस आणि दोनतृतीयांश मतं असंच होतं.

मसुदा फिरला आणि क्लबात पहिल्यांदा खराखुरा वाद झाला. खजिनदार विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. पदाधिकाऱ्याला पैशाच्या कागदांवर सही करावी लागते, कॅप्टनला कुणी फसवलं तर जबाबदार कोण? त्याला कायदेशीर पालक आहे का? मी उत्तर द्यायच्या आत कॅप्टन म्हणाला, "मी माझी सही करतो. माझी बहीण मला समजावून सांगते. मग मी ठरवतो." त्याच्याकडे तसा लेखी करार होता. विस्कॉन्सिनने 2018 मध्ये कायदा केला, त्यानुसार अपंग व्यक्ती आपले निर्णय स्वतःकडेच ठेवून मदतीसाठी विश्वासातला माणूस नेमू शकते.

मला त्या दिवशी मिरजेचे आई-बाप आठवत राहिले. आपल्याकडे 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करतात. ते अर्ज भरायला मी कितीतरी पालकांना मदत केली होती. मुलाचं नाव, वय, आयक्यू, आधार नंबर. शेजारी बसलेल्या मुलाला 'तुला काय वाटतं' असं मी एकदाही विचारलं नव्हतं. अनेक घरांना तो दाखला खरंच लागतो, बँकेची कामं अडतात, हे मला माहीत आहे. पण मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

सह्यांचा प्रश्न आण्णांच्या सोसायटीनेच सोडवला. तिथे चेकवर कायम दोन सह्या असतात, चेअरमन कितीही शहाणा असला तरी. मी खजिनदाराला म्हटलं, सगळ्यांसाठीच दोन सह्या करू या. त्याने लगेच मसुद्यात तशी उपसूचना मांडली. आणि चार दिवसांनी तोच धावत माझ्याकडे आला, हातात मोबाइल. कॅप्टनच्या फीच्या पावतीचा फोटो. "हे बघ. सेग्रिगेटेड फी. त्यानेही भरलीय, सगळी." ज्या फीतून आमचा क्लब चालतो ती फी तो भरत होता, मत मात्र त्याला नव्हतं. ती पावती जोडून आम्ही कार्यालयाला पुन्हा लिहिलं. पाचव्या आठवड्यात दोन ओळींचं उत्तर आलं: क्लबने घटना बदलल्यास हरकत नाही.

एप्रिलच्या सभेत 19 मतदार हजर होते, म्हणजे 13 मतं हवी. कॅप्टन आणि त्याचे मित्र खोलीतच बसले होते, त्यांना या ठरावावर मत नव्हतं. सूचक खजिनदार. अनुमोदक सचिव. बाजूने 14, विरोधात 5. विरोधातल्या पाच जणांशी मी पुढेही नीट बोलत राहिले. त्यातल्या तिघांना वाटत होतं की क्लब हा भावी शिक्षकांचा आहे आणि आपण तो दुसराच काहीतरी करतो आहोत. त्या वाटण्यात तथ्य होतं. क्लब खरंच दुसरा होत होता.

दोन आठवड्यांनी निवडणूक झाली. उपाध्यक्षपदाला कॅप्टन आणि डेअरी फार्मवाली. नवीन सभासद धरून 21 मतं पडली. कॅप्टनला 6.

तो उठला, जॅकेट घातलं आणि हात न मिळवता निघून गेला. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले, म्हटलं, त्याच्यासाठी एखादं मानद पद तयार करू या का? 'सदिच्छादूत' वगैरे. बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "तू त्याला उभं राहायचा हक्क दिलास. हरायचा हक्क त्यातच आला. तो काढून घेऊ नकोस."

तिसऱ्या सोमवारी तो आला. वही उघडली. "किती मतं लागतात?" मी म्हटलं, हजर असतील त्यांच्या निम्म्याहून जास्त. 21 असतील तर 11. त्याने वहीत 11 लिहून त्याभोवती गोल केला.

दुसरं वर्ष मी थोडक्यात सांगते, कारण ते सुरळीत गेलं. राष्ट्रीय शाखेची नोंदणी झाली. दर महिन्याला बोलिंगचा कार्यक्रम सुरू झाला, तो पूर्णपणे कॅप्टनने आखलेला. गाडीचं बुकिंग आदल्या दिवशी दुपारपर्यंत करावं लागतं, हे आम्हा सगळ्यांना त्याच्यामुळे पाठ झालं. खजिनदाराने त्याला खर्चाचा तक्ता शिकवला, रंगांच्या खुणा करून. आणि कॅप्टन प्रत्येक नव्या सभासदाशेजारी जाऊन बसायचा, नाव विचारायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारायचा. आमच्यापैकी कुणालाही ते जमलं नव्हतं.

एप्रिल 2024. तो या वेळी कार्यक्रमप्रमुखाच्या पदासाठी उभा राहिला, समोर दुसऱ्या वर्षाची एक हुशार मुलगी. मतदान सुरू व्हायच्या आधी तो उभा राहून डोकी मोजत होता. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "बावीस. आज बारा लागतील." त्याला 13 मिळाली. हरलेल्या मुलीने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मे महिन्यात जुन्या-नव्या कार्यकारिणीची एकत्र सभा झाली. माझी ती शेवटची. हिशेब वाचून झाले, इतिवृत्तांच्या तीन फायली, घटनेच्या प्रती आणि कपाटाची किल्ली नव्या अध्यक्षाकडे गेली. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. नव्या अध्यक्षाने विचारलं, कुणाची काही सूचना? कॅप्टन उभा राहिला. चिठ्ठीवरून वाचलं, शब्द शब्द सुटा करून: कपाटाची दुसरी किल्ली करावी आणि ती कार्यक्रमप्रमुखाकडे असावी, म्हणजे कुणी पास होऊन गेलं तरी कपाट उघडेल.

अध्यक्षाने विचारलं, अनुमोदन?

मी हात वर केला.